ऑक्सिटोसिनची कीर्ती आणि करामत

ऑक्सिटोसिनचं नाव हल्ली प्रसूतितज्ज्ञांपेक्षा समाजमाध्यमांवर व्हिडिओ करणाऱ्यांच्या तोंडी जास्त असतं. मिठी मारली की ते वाढतं, कुत्र्याला कुरवाळलं की वाढतं, आणि वाढलं की माणूस प्रेमळ, विश्वासू, निर्धास्त होतो, असं सांगितलं जातं. नाकात मारायचे त्याचे फवारेही इंटरनेटवर विकायला आहेत. या गाजावाजात त्याची जी कामगिरी शंभराहून अधिक वर्षं रोजच्या रोज सिद्ध होत आली आहे, तिचा उल्लेखही नसतो. बाळ जन्मल्यावर आईचा रक्तस्राव आटोक्यात ठेवणं, ही ती कामगिरी. चेन्नईच्या एग्मोर भागातलं स्त्रियांचं सरकारी रुग्णालय 1844 साली सुरू झालं, आणि आज तिथे होणाऱ्या बाळंतपणात हे औषध दिव्यासारखं किंवा पाण्यासारखं गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं असं, की फवारा ज्यामुळे फसतो आणि इंजेक्शन ज्यामुळे जीव वाचवतं, ते कारण एकच आहे, आणि ते या रेणूच्या स्वभावात आहे. ऑक्सिटोसिन अल्पायुषी आहे, नाजूक आहे आणि जागा-वेळ बघून काम करणारं आहे. म्हणून त्याचा खरा लाभ हवा असेल, तर रेणूच्या गुणगानापेक्षा तो योग्य जागी योग्य क्षणी पोचवणाऱ्या व्यवस्थेकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

आधी त्याचा स्वभाव पाहू. ऑक्सिटोसिन हे न्यूरोपेप्टाइड, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींनी बनवलेली अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती फक्त नऊ अमिनो आम्लांची असते; त्यांतल्या सहांचं कडं बनतं आणि उरलेल्या तिघांची शेपटी. हायपोथॅलॅमसमधल्या पेशी ते तयार करतात, आपल्या लांब तंतूंमधून पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात पोचवतात आणि तिथून ते झटक्याझटक्याने रक्तात सोडलं जातं. याच पेशींचे काही तंतू मेंदूच्या इतर भागांतही जातात, त्यामुळे रक्तातलं ऑक्सिटोसिन आणि मेंदूतलं ऑक्सिटोसिन हे पुष्कळसे वेगळे कारभार आहेत. हा भेद पुढे कामाला येईल. पीयूषिकेच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं हे ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी 1906 साली मांजरीवरच्या प्रयोगात दाखवलं. त्यानंतर काही वर्षांतच डॉक्टर तो अर्क बाळंतपणात वापरू लागले. पण अर्क म्हणजे मिश्रण. त्यात रक्तदाब वाढवणारं भावंडही असायचं. अमेरिकेतल्या व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी 1953 साली ऑक्सिटोसिनची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. पेप्टाइड जातीचं संप्रेरक माणसाने घडवण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. तेव्हापासून प्राण्यांच्या ग्रंथींवर विसंबायची गरज उरली नाही. रक्तात शिरलेलं ऑक्सिटोसिन मात्र काही मिनिटांतच निम्मं होतं, आणि पोटात गेलं तर पचूनच जातं. म्हणूनच ते गोळीने घेता येत नाही.

त्याची करामत कळायला बाळ बाहेर आल्यानंतरची काही मिनिटं पाहावी लागतात. दिवस भरलेल्या गर्भाशयाला दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्तपुरवठा होत असतो. वार सुटते तेव्हा तिच्या जागी असंख्य रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. शरीराने याची तजवीज स्नायूंच्या विणीतच करून ठेवली आहे. गर्भाशयाचे तंतू एकमेकांना छेदत, आडवेतिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या फटींतून जातात. स्नायू आवळला की सुंभाला पीळ पडावा तशा त्या वाहिन्या चिमटल्या जातात. म्हणजे रक्त थांबवण्याचं पहिलं काम गोठण्यापेक्षा आवळण्याचं असतं, आणि आवळण्याचा हुकूम देणाऱ्यांत ऑक्सिटोसिन अग्रभागी. गरोदरपणाच्या अखेरीस गर्भाशयाच्या पेशींवर या रेणूला ओळखणारे ग्राही कित्येक पटींनी वाढलेले असतात, म्हणून एरवी ज्याची दखलही घेतली जाणार नाही इतकी मात्रा त्या घटकेला पुरते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 10 युनिटची आहे. बाळ जन्मलं की परिचारिका पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही ना हे चाचपते, एक मिलिलिटरच्या काचेच्या कुपीतून सिरिंजमध्ये भरलेलं औषध मिनिटाभरात मांडीत टोचते, आणि मग वार पडण्याची वाट पाहते. मऊ पडलेलं गर्भाशय बेंबीखाली चेंडूसारखं टणक लागायला लागलं, की औषध लागू पडलं हे बोटांना कळतं.

दुसरं काम दूध पाजण्याचं. बाळ स्तनाला लागलं की तो संदेश मेंदूकडे जातो, ऑक्सिटोसिनचा झोत सुटतो, दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या बारीक स्नायुपेशी आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. या कामात ऑक्सिटोसिनला पर्याय नाही, असं 1996 सालच्या एका प्रयोगातून दिसलं. ऑक्सिटोसिनचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरिणी बाळंत झाल्या, पिल्लांकडे लक्षही देत होत्या, पण पान्हा न फुटल्याने पिल्लं भुकेने मेली. बाळंतपण पार पडतं, म्हणजे तिथे शरीराकडे ऑक्सिटोसिनखेरीजही उपाय आहेत. दुधाच्या बाबतीत तसे नाहीत. इतक्या बारकाईने पाहिलं, की 'अमुक संप्रेरक म्हणजे तमुक भावना' असं समीकरण किती भाबडं आहे हे ध्यानात येतं.

मग प्रेमाचं काय? त्या कीर्तीमागे संशोधन अजिबात नाही असं नव्हे. अमेरिकेतले प्रेअरी व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी जोडी जमवून राहतात. त्यांच्या मेंदूतल्या ऑक्सिटोसिनचा मार्ग औषधाने अडवला की माद्यांची जोडी जमत नाही, असं 1990 च्या दशकात दिसून आलं. 2005 साली झुरिकच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये लिहिलं, की नाकात ऑक्सिटोसिन फवारलेली माणसं पैशांच्या खेळात अनोळखी जोडीदारावर जास्त विश्वास टाकतात. इथून 'विश्वासाचा रेणू' जगभर झाला. पुढची कहाणी तितकी प्रसिद्ध नाही. 2020 साली याच प्रयोगाची जास्त माणसं घेऊन फेरतपासणी झाली, तेव्हा विश्वास वाढल्याचं सर्वसाधारणपणे आढळलं नाही. 2021 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये स्वमग्नता असलेल्या 3 ते 17 वर्षांच्या 290 मुलांवरचा अभ्यास आला. 24 आठवडे रोज फवारा देऊनही सामाजिक वागण्यात खोट्या फवाऱ्याहून वेगळा फरक पडला नाही. आणि 2023 साली व्होलमधला ऑक्सिटोसिनचा ग्राहीच जनुकीय कात्रीने काढून टाकला, तरी त्यांनी जोड्या जमवल्याच.

यावर कुणी म्हणेल, की एखाद-दुसरा प्रयोग फसला म्हणून मेंदूतली भूमिकाच नाकारणार का? नाही. ऑक्सिटोसिन मेंदूत काम करतं, आणि भीती, ओळख, ममता यांच्या जाळ्यात त्याचा वाटा आहे, याचे प्राण्यांमधले पुरावे भक्कम आहेत. हरकत एका उडीला आहे: शरीर स्वतः, ठरावीक पेशींमधून, ठरावीक क्षणी जे करतं, तेच नाकात फवारून बाहेरून करता येईल, ही ती उडी. नाकात मारलेल्या औषधाचा फार थोडा अंश मेंदूपर्यंत पोचतो. जो पोचतो तो योग्य जागी, योग्य घटकेला पोचेल याची हमी नाही. आणि तिथे ग्राही किती सज्ज आहेत हे व्यक्तीगणिक बदलतं. काही प्रयोगांत तर ऑक्सिटोसिनने आपल्या गटातल्यांविषयी माया आणि परक्यांविषयी दुजाभाव अशी दोन्ही टोकं वाढल्याचं दिसलं. बाळंतिणीच्या गर्भाशयात मात्र सगळं जुळून आलेलं असतं. लक्ष्य एक, ग्राही भरपूर, क्षण ठरलेला आणि परिणाम हाताने चाचपता येणारा. म्हणून तिथे दहा युनिट पुरतात. तिथेही अतिरेक चालत नाही. कळा वाढवण्यासाठी सलाईनमधून ऑक्सिटोसिन तासन्‌तास चालू राहिलं तर गर्भाशयाचे ग्राही बधिर होतात आणि नंतर गरजेच्या वेळी प्रतिसाद मंदावतो. भरमसाठ दिलं तर बाळाचा प्राणवायू कमी पडू शकतो, गर्भाशय फाटूही शकतं. शिरेतून झपकन दिलं तर रक्तदाब कोसळतो. चांगल्या गोष्टीचा डोस वाढवला की चांगलंच वाढतं, हा नियम या रेणूला लागू नाही.

आता व्यवस्थेकडे वळू, आणि त्यासाठी चेन्नई सोयीचं गाव आहे. ऑक्सिटोसिनची कुपी 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवायची असते. उन्हात किंवा उबदार कपाटात आठवडे काढले की ती नऊ अमिनो आम्लांची साखळी मोडू लागते. पाणी तसंच स्वच्छ दिसतं, लेबलवरची मुदतही संपलेली नसते, आणि औषध मात्र अर्धमेलं झालेलं असतं. मे महिन्यात चेन्नईचा पारा चाळिशी ओलांडतो. कारखान्यापासून प्रसूतिकक्षातल्या फ्रिजपर्यंतचा प्रवास तिथे औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो. तमिळनाडूने 1994 साली स्थापलेलं वैद्यकीय सेवा महामंडळ याच प्रश्नाला भिडलं, आणि त्याचं मुख्यालयही एग्मोरमध्येच आहे. महामंडळ राज्यातल्या सरकारी रुग्णालयांसाठी एकत्रित खरेदी करतं. आलेल्या मालाचे नमुने कंपनीचं नाव झाकून प्रयोगशाळांकडे तपासायला जातात, पास झालेला माल जिल्ह्याच्या गोदामातून वाटला जातो, आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक असतं, ज्यात त्याच्या वाट्याची रक्कम आणि उचललेलं औषध नोंदवलेलं असतं. ऐकायला ही भांडारपालाची वही वाटते. पण बाळंतिणीला टोचलं जाणारं औषध खरोखर औषध आहे की नुसतं पाणी, हे याच वहीने ठरतं. केरळ आणि राजस्थान यांनी पुढे हीच पद्धत उचलली. महाराष्ट्रात आधी हाफकिन या सरकारी संस्थेकडे असलेली खरेदी 2023 च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरणाकडे आली. खरेदीच्या निविदा किती झाल्या यापेक्षा थंड साखळी शेवटच्या उपकेंद्रापर्यंत पोचली का, ही त्या प्राधिकरणाची खरी परीक्षा असायला हवी.

औषध वेळेवर द्यायचं तर रक्त किती गेलं हे कळलं पाहिजे, आणि ते कळवण्याचं साधन आपल्या सीमाभागातच घडलं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर 2002 ते 2005 या काळात जिल्ह्यातल्या 1,620 बाळंतिणींचा अभ्यास केला. गावातल्या परिचारिका-सुईणी रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या देत होत्या. खोट्या गोळ्या मिळालेल्या गटात 12 टक्के स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला, औषधाच्या गटात 6.4 टक्के. याच कामासाठी त्यांनी बाळंतिणीच्या खाली पसरायचं, टोकाशी नरसाळ्यासारखी, मापाच्या खुणा केलेली पिशवी असलेलं प्लास्टिकचं कापड वापरात आणलं. पिशवीतला आकडा आणि डोळ्यांचा अंदाज ताडून पाहिले, तेव्हा नजर जवळपास एक तृतीयांश रक्त कमी धरत होती. चादरीत मुरलेलं, बादलीत पाण्यात मिसळलेलं रक्त अनुभवी डोळ्यांनाही फसवतं. पुढे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेतल्या चार देशांत, 80 रुग्णालयांत आणि दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत तशाच मापाच्या कापडासोबत उपचारांचा एक संच बांधून दिला गेला: गर्भाशयाची मालीश, ऑक्सिटोसिनसारखी औषधं, रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाईन आणि तपासणी, सगळं एकापाठोपाठ न थांबता. अतिरक्तस्राव ओळखला जाण्याचं प्रमाण 51 वरून 93 टक्क्यांवर गेलं आणि गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटले. या अभ्यासात नवं औषध एकही नव्हतं. जुनीच औषधं वेळेवर पडली, एवढाच बदल. आपल्याकडे हे अधिकच निकडीचं आहे, कारण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. धडधाकट बाई अर्धा लिटर रक्त गेलेलं सोसते. रक्तच पातळ असलेल्या बाईला तेवढंही जड जातं.

व्यवस्था इतकी महत्त्वाची, तर सरकारनेच हे औषध मुठीत का ठेवू नये, असा आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. गोठ्यांमध्ये ऑक्सिटोसिनचा गैरवापर होतो. पारडू मेलेल्या म्हशीला पान्हा फुटावा म्हणून रोज सुया टोचल्या जातात. हे क्रौर्य आहे आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ते गुन्हाही आहे. या गैरवापराचं कारण देऊन केंद्र सरकारने 2018 साली ऑक्सिटोसिनची आयात बंद केली आणि देशातल्या वापरासाठीचं उत्पादन एकट्या कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी कंपनीकडे ठेवायचं ठरवलं. मुंबईच्या एका औषध कंपनीसह काही उत्पादक आणि औषधविषयक चळवळीतली एक संघटना न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये ही बंदी मनमानी आणि शास्त्रीय आधार नसलेली ठरवून रद्द केली. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवलं. न्यायालयाचा युक्तिवाद बाजूला ठेवला तरी हिशेब सरळ आहे. गोठ्यातली सुई सहसा चोरट्या मार्गाने येते, परवानाधारक कारखाना बंद करून ती थांबत नाही. पण एकुलत्या एका कारखान्यात बिघाड झाला तर देशभरच्या प्रसूतिगृहांत तुटवडा पडतो. आणि अशा म्हशीच्या दुधातून ऑक्सिटोसिन अंगात जाऊन मुली लवकर वयात येतात ही जी भीती घरोघर असते, तिला रेणूचा स्वभावच उत्तर देतो: पोटात गेलेलं ऑक्सिटोसिन पचतं. चिंता करायची तर म्हशीची करावी, आणि गोठ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने धाडी घालाव्यात. प्रसूतिगृहाचा पुरवठा आवळून यांतलं काहीच साधत नाही.

दुसरा आक्षेप तंत्राचा आहे. नाजूक रेणूसाठी एवढा खटाटोप कशाला, टिकाऊ औषध शोधा. तेही शोधलं गेलं आहे. कार्बेटोसिन हे ऑक्सिटोसिनचं सुधारलेलं रूप. त्याच्या कड्यातला कच्चा दुवा रसायनतज्ज्ञांनी बदलला, त्यामुळे त्याचा नवा प्रकार फ्रिजशिवाय टिकतो आणि शरीरातही जास्त वेळ राहतो. भारतासह दहा देशांत जवळपास तीस हजार बाळंतिणींवर त्याची ऑक्सिटोसिनशी तुलना झाली. 2018 साली आलेल्या निकालात दोघांची कामगिरी बरोबरीची, एकीकडे 14.5 आणि दुसरीकडे 14.4 टक्के स्त्रियांना जास्त रक्तस्राव झाला किंवा आणखी औषध लागलं. पण लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की त्या अभ्यासातलं ऑक्सिटोसिन काटेकोर थंडीत ठेवलेलं होतं. म्हणजे नीट सांभाळलं तर जुनं औषध कुठेही कमी नाही. शिवाय कार्बेटोसिनची शिफारस रक्तस्राव टाळण्यासाठी आहे. कळा सुरू करायला ते चालत नाही, कारण त्याचा अंमल लवकर ओसरत नाही आणि पोटात बाळ असताना तेच घातक. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही. मात्र तिचा गुण ऑक्सिटोसिनहून उणा, आणि तिने थंडी-तापही येतो. फ्रिज नसलेल्या पाड्यावर ही दोन्ही औषधं मोलाची आहेत. ऑक्सिटोसिन लवकर विरतं हा मात्र प्रसूतिकक्षात दोष नसून सोय आहे: थेंब थांबवले की परिणामही थांबतो.

शेवटचा आक्षेप आकड्यांचा, आणि तो मराठी वाचकाला आधी सुचेल. 2018-20 च्या नमुना नोंदणीनुसार लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू तमिळनाडूत 54 आणि महाराष्ट्रात 33 होते. मग चेन्नईकडून शिकायचं काय? एक तर दोन्ही राज्यांची वाटचाल लांबची आहे: 2001-03 मध्ये हेच आकडे तमिळनाडूचे 134, महाराष्ट्राचे 149 आणि देशाचे 301 होते, आणि देशातल्या मातामृत्यूंपैकी सुमारे 38 टक्के रक्तस्रावाने होत होते. दुसरं असं, की मातामृत्यू एकट्या औषधाने ठरत नाहीत. उच्च रक्तदाब, जंतुसंसर्ग, हृदयविकार, रक्तपेढीचं अंतर हे सगळे त्यात असतात. आणि तमिळनाडूने 1990 च्या दशकापासून प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करायची सवय लावून घेतली, तिची गरज चांगल्या आकड्यांच्या राज्यालाही असते. राज्याच्या सरासरीत मुंबई-पुण्याबरोबर नंदुरबार आणि गडचिरोलीही मोजले जातात. सरासरी 33 असली तरी नंदुरबारमधल्या धडगावच्या उपकेंद्रातला फ्रिज वीज गेल्यावर किती तास थंड राहिला, हे तिच्यातून कळत नाही.

एग्मोरच्या रुग्णालयाशी जोडलेले डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी 1938 साली लिहिलेला प्रसूतिशास्त्राचा ग्रंथ पुढे डॉ. कृष्ण मेनन यांच्या साथीने वाढत गेला, आणि भारतातले वैद्यकीचे विद्यार्थी तो आजही वाचतात. भारतीय प्रसूतिकक्ष, त्यांतल्या अडचणी आणि उपाय इथल्याच अनुभवातून मांडण्याची ही परंपरा ऑक्सिटोसिनच्या चर्चेतही यायला हवी. मेंदूतल्या त्याच्या भूमिकेवर संशोधन चालू राहील आणि राहावं; त्यातून उद्या एखादं उपयोगी औषध निघेलही. तोवर फवाऱ्यावर पैसे घालवण्याचं कारण नाही. घरात बाळंतपण असेल तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: कळांचं सलाईन कशासाठी लावताय आणि त्यावर कोण लक्ष ठेवणार, बाळ झाल्यावर लगेच इंजेक्शन देणार ना, रक्त मोजता की अंदाजाने सांगता, आणि औषधं फ्रिजमध्येच असतात ना. चांगलं प्रसूतिगृह या प्रश्नांनी रागावत नाही. आणि ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत किंवा जिल्हा परिषदेत हेच प्रश्न लेखी विचारले गेले, तर या नऊ अमिनो आम्लांचा लाभ ज्यांना सर्वांत जास्त हवा आहे त्यांच्यापर्यंत तो पोचण्याची शक्यता वाढेल.